गोळी पोटातले जंत मारते, मातीतले नाही!

पेडणे-डिचोली असो वा शेजारचं बांदा-दोडामार्ग, पावसाळ्यातली ओली माती सारखीच. उघड्यावरच्या शौचातून मातीत पडलेली आकडेकृमीची अंडी उबतात. अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त शोषतात. मूल फिकट पडतं, लवकर दमतं.

यासाठीच २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं: दोन वर्षांखालील बाळाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, मोठ्यांना पूर्ण ४००. मोठ्यांनी ती चावून खायची, बाळाला कुटून पाण्यातून द्यायची.

‘गोळी दिली, काम झालं’ असं मात्र नाही. पायांत चप्पल, शौचालयाचा वापर, साबणाने हात धुणं नसेल, तर जंत पुन्हा होतातच.