घोडा जिंकला, जॉकी घरी बसला : रेसकोर्सवर ‘कट’ मारण्याची शिक्षा

कॅम्पातल्या रेसकोर्सवरचा एपिसोड टाकल्यापासून मेसेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. घोडा पहिला आला, निकाल तसाच राहिला, तिकीटवाल्यांना पैसे मिळाले, आणि त्याच घोड्यावरच्या जॉकीला मात्र ‘निष्काळजी रायडिंग’ म्हणून काही दिवसांची बंदी. चूक केली असेल तर जिंकला कसा? आणि जिंकला असेल तर शिक्षा कसली?

आजचा एपिसोड तेवढ्यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी अवतार, नेहमीसारखा थोडा साफसूफ केलेला. मागचे हॉर्न गाळलेत. बुधवार पेठेत खिडकी लावून रेकॉर्डिंग केलं तरी हॉर्न येतातच, त्याला इलाज नाही.

पण हॉर्नचा विषय निघालाच आहे, तर तिथूनच सुरू करू. संध्याकाळी सातला आप्पा बळवंत चौकातून गाडी काढली असेल तर ‘कट मारणं’ तुम्हाला शिकवायला नको. पुढचा स्कूटरवाला अर्धी गाडी पुढे गेली की लगेच तुमच्या पुढ्यात दाबतो. तुम्ही ब्रेक लावता, त्याच्या घराण्याचा उद्धार करता, आणि पुढे जाता. निष्काळजी रायडिंग म्हणजे नेमकं हेच. फरक एवढाच की इथे गाडीचं वजन साडेचारशे-पाचशे किलो आहे, वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ब्रेक नाहीत. वर पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस रिकिबीत पाय अडकवून वाकून उभा असतो, कारण खोगिरात तो नीटसा बसलेलाच नसतो.

आता हिशेब करा. ताशी साठ म्हणजे सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर. घोड्याची एक ‘लेंथ’ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, सुमारे अडीच मीटर. जाणकार जॉकी दुसऱ्याच्या पुढ्यात शिरण्याआधी दोनेक लेंथचं अंतर मोकळं आहे ना, ते बघतो. दोन लेंथ म्हणजे पाच मीटर, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही! त्याच्या आत शिरलात तर मागच्या घोड्याचा पुढचा पाय तुमच्या घोड्याच्या मागच्या टाचेत अडकतो. मग घोडा नाकावर जातो, आणि त्याच्या मागून येणाऱ्यांना वळायला जागा नसते.

इथे एक गंमत सांगतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर-खेडकडच्या घाटात, बैलगाडा शर्यतीत हा प्रश्न येतच नाही. तिथे एका वेळी एकच गाडा सुटतो आणि सेकंद मोजतात. कट मारायला शेजारी कुणी नसतोच. घोड्यांच्या रेसमध्ये सगळे एकदम सुटतात आणि सगळ्यांना आतल्या रेलिंगजवळचाच रस्ता हवा असतो, कारण वळणावर तोच सगळ्यात कमी लांबीचा. पुण्याच्या कोर्सवर घोडे उजवीकडे वळतात, म्हणजे रेलिंग उजव्या हाताला. त्यात पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, महालक्ष्मीचा हिवाळ्यातला. ओल्या हिरवळीवर मागच्या जॉकीच्या गॉगलवर चिखल उडत असतो आणि बरी जमीन शोधत घोडे इकडेतिकडे सरकत असतात. अशा वेळी कोण कुणाच्या वाटेत आलं, हे ठरवायचं कुणी?

ते काम स्टुअर्डांचं. पुणे आणि मुंबई, दोन्हीकडे रेस चालवतो तो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. याची मुळं 1802 सालच्या बॉम्बे टर्फ क्लबपर्यंत जातात, आणि ‘रॉयल’ हे बिरुद 1935 सालचं. क्लबचे मानद स्टुअर्ड असतात, आणि त्यांच्या जोडीला पगारी स्टुअर्ड, ज्यांना रेसवाले ‘स्टाइप’ म्हणतात. रेस संपली की बाजूने आणि समोरून घेतलेलं चित्रण बघायचं, संबंधित जॉकींना खोलीत बोलवायचं, त्यांचं ऐकायचं आणि ठरवायचं. एखादा जॉकी किंवा ट्रेनर स्वतःही हरकत घेऊ शकतो, त्याला ‘ऑब्जेक्शन’ म्हणतात. ऑब्जेक्शन लागलं की निकाल थांबतो, आणि स्टँडमध्ये हातात तिकीट धरून उभी असलेली माणसं एकदम गप्प होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या खोलीत एक नाही, दोन वेगवेगळे प्रश्न सुटत असतात.

पहिला प्रश्न घोड्याचा : झालेल्या अडथळ्यामुळे निकाल बदलला का? दुसरा प्रश्न जॉकीचा : त्याने जशी काळजी घ्यायला हवी होती तशी घेतली का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचंही ‘नाही’ असू शकतं. म्हणजे त्याने कट मारला हे खरं, पण ज्याला मारला तो एरवीही पाच लेंथने हरलाच असता. मग घोड्याचा नंबर राहतो, मालकाचं बक्षीस राहतं, तुमच्या तिकिटाचे पैसे राहतात, आणि जॉकी घरी बसतो.

जगात सगळीकडे असंच चालतं असं मात्र नाही. याबाबत दोन विचार आहेत. एक आत्ता सांगितला तो. दुसरा म्हणतो, अडथळा आणलास ना, मग ज्याला आणलास त्याच्या मागे जाऊन उभा राहा. तो जिंकला असता की नसता याच्याशी घेणंदेणं नाही.

तुमच्यापैकी जे फोनवर ‘उमा मुसुमे’ खेळतात त्यांना मेजिरो मॅकक्वीन हे नाव माहीत असेल. तो खरा घोडा होता. 1991 च्या शरद ऋतूत टोकियोमध्ये तेन्नो शो ही मोठी रेस त्याने तब्बल सहा लेंथने जिंकली. पण सुरुवातीला त्याचा जॉकी युताका ताके आत शिरला होता आणि त्यामुळे मागे गर्दी झाली होती. अठरा घोड्यांत पहिला आलेला मॅकक्वीन अठरावा ठरला! सहा लेंथने जिंकलेला घोडा शेवटचा. जपानने 2013 मध्ये नियम बदलला आणि पहिला विचार स्वीकारला, फ्रान्सने 2018 मध्ये.

अमेरिका मात्र अजून दुसऱ्या विचाराची. 4 मे 2019 च्या केंटकी डर्बीत मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला आला, सत्कार सुरू होणार एवढ्यात दोन जॉकींनी ऑब्जेक्शन घेतलं. सुमारे बावीस मिनिटं अख्खा देश टीव्हीकडे बघत थांबला. निकाल लागला : वळणावर घोडा बाहेर सरकला, दुसऱ्यांची वाट अडवली, म्हणून पहिल्याचा सतरावा. 65 ला 1 भाव असलेला कंट्री हाउस विजेता झाला. जॉकी लुईस सायेझला पंधरा दिवसांची बंदी. मालक कोर्टात गेले, तिथेही काही हाती लागलं नाही.

माझं मत विचाराल तर पहिला विचार तिकीट काढणाऱ्याला जास्त न्याय देतो, कारण खरोखर चांगला धावलेला घोडा जिंकतो. पण त्यात एक भोक आहे, आणि ते लहान नाही. घोड्याचा नंबर जाणार नाही हे जॉकीला माहीत असेल, तर मोठ्या रेसमध्ये हिशेब सोपा होतो : आत्ता घुसू, जिंकू, नंतर चार दिवस घरी बसू. जॉकीची कमाई असते दर रेसची फी आणि बक्षिसातला वाटा. मोठ्या रेसचा वाटा चार दिवसांच्या फीपेक्षा जड असेल तर शिक्षा म्हणजे नुसता टोल. भरला की पुढे. म्हणून ज्या देशात घोड्याला सोडून देतात, तिथे जॉकीची शिक्षा कडक असावीच लागते. नाहीतर सगळं ओझं मागून येणाऱ्याच्या मानेवर.

‘दिवस’ म्हणजे कुठले दिवस, तेही बघा. बंदी अनेकदा रेसच्या दिवसांत मोजतात, कॅलेंडरच्या नाही. आठवड्यात दोनच दिवस रेस असतील तर चार दिवसांची बंदी म्हणजे दोन आठवडे. आणि ती सुरू कधी होते, हा तर त्याहून मोठा मुद्दा.

30 सप्टेंबर 2022, पॅरिसजवळचं साँ-क्लू रेसकोर्स. क्रिस्तोफ सुमियों या बड्या जॉकीने धावत्या रेसमध्ये शेजारच्या रॉसा रायनला कोपर मारलं आणि रायन खाली पडला. सुदैवाने फारसं लागलं नाही. व्हिडिओ जगभर फिरला. सुमियोंला साठ दिवसांची बंदी. कडक वाटते ना? पण ती सुरू झाली 14 ऑक्टोबरला. मधल्या काळात, 2 ऑक्टोबरला, युरोपातली सगळ्यात मोठी रेस होती, आर्क द त्रिओंफ. त्यात हा गडी वादेनी घोड्यावर बसला आणि दुसरा आला. बंदी लांबणीवर टाकायचं कारण तसं रास्त असतं, मालकांनी आधीच जॉकी ठरवलेला असतो, त्याची सोय व्हायला वेळ हवा. पण हे कारण साध्या चुकीसाठी. कोपर मारणाऱ्यासाठी नाही. त्याला खरी अद्दल घडवली ती आगा खान यांच्या तबेल्याने, त्याच्याशी असलेला करारच संपवून.

हेच 1954 मध्ये इंग्लंडने वेगळं केलं होतं. लेस्टर पिगट, वय अठरा, नुकतीच नेव्हर से डाय घोड्यावर डर्बी जिंकलेला. रॉयल ॲस्कॉटला त्याच घोड्यावर घुसाघुशी झाली आणि त्याचं लायसन्सच काढून घेतलं, वर सहा महिने दुसऱ्या ट्रेनरकडे काम करायचा हुकूम. त्या सप्टेंबरात नेव्हर से डायने सेंट लेजर जिंकली, बारा लेंथने, पाठीवर दुसराच जॉकी. अठरा वर्षांच्या पोरासाठी हे जरा जास्तच होतं असं मला वाटतं, पण शिक्षा लागली हे मात्र नक्की.

आता यातला सगळ्यात अवघड भाग. निष्काळजी आणि बेदरकार यात रेघ कुठे ओढायची? इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे नियमात पायऱ्या आहेत. अंदाज चुकला, लक्ष नव्हतं, तर निष्काळजी. धोका दिसत असून पर्वा केली नाही, तर बेदरकार. पहिल्यात दिवस, दुसऱ्यात आठवडे-महिने. आणि कुणी पडलं की नाही, यावर पायरी ठरू नये. भयंकर कट मारूनही नशिबाने कुणी पडत नाही, आणि किरकोळ चुकीत चार घोडे कोसळतात.

चार घोडे कोसळले ते 31 ऑक्टोबर 2016 ला, लंडनजवळच्या केम्प्टनला. वळणावर ग्रॅहम गिबन्सचा घोडा आतल्या रेलिंगकडे सरकत गेला. आत फ्रेडी टायलिकी होता. तो गिबन्सच्या नावाने ओरडला. पुढच्या क्षणी त्याचा घोडा आदळला. टायलिकीचं छातीखालचं अंग कायमचं लुळं पडलं, वय तीस. त्याच दिवशी स्टुअर्डांनी काही मिनिटं चौकशी केली आणि सांगितलं, अपघात. शिक्षा कुणालाच नाही.

टायलिकी कोर्टात गेला. डिसेंबर 2021 मध्ये न्यायाधीश कॅरन वॉल्डन-स्मिथ यांनी तेच चित्रण पुन्हा पुन्हा पाहून, साक्षी ऐकून निकाल दिला : हा क्षणभराचा चुकलेला अंदाज नव्हता, सहकाऱ्याच्या सुरक्षिततेची पर्वाच केली नव्हती. गिबन्स नुकसानभरपाईला जबाबदार. स्टुअर्डांचा ‘अपघात’ कोर्टाला बांधील नव्हता.

तेव्हा तिथल्या जॉकींमध्ये कुजबुज सुरू झाली की आता प्रत्येक धक्क्यावर खटला होणार. तसं होईल असं मला वाटत नाही, कारण कोर्टाने पट्टी बरीच वर ठेवली. मला खटकतात ती स्टुअर्डांची काही मिनिटं. निकालाची घाई समजू शकतो. हजारो लोक तिकीट धरून उभे आहेत, पुढच्या रेसचे घोडे पॅडॉकमध्ये फिरतायत. पण शिक्षेची घाई कशाला? निकाल आज द्या, जॉकीचं चित्रण उद्या सकाळी शांतपणे बघा. दोन प्रश्न वेगळे आहेत तर त्यांना वेळही वेगवेगळा द्या.

जाता जाता, ज्यांनी विचारलं होतं की हे आम्हाला कळणार कसं, त्यांच्यासाठी. शर्यतींचे व्हिडिओ फोनवर बघायला मिळतात. पुढच्या वेळी पहिल्या घोड्याकडे बघू नका, मागच्या जॉकींचे हात बघा. वाकून बसलेला जॉकी अचानक ताठ झाला, लगाम छातीशी ओढला, की समजा पुढे कुणीतरी दाबलंय. मग व्हिडिओ मागे घ्या आणि दाबणाऱ्याचा चाबूक कुठल्या हातात होता ते पाहा. घोडा चाबकापासून लांब सरकतो. पुण्यात डाव्या हातातला चाबूक घोड्याला उजवीकडे, म्हणजे रेलिंगकडे ढकलतो. घोडा सरकायला लागल्यावर जॉकीने चाबूक थांबवला, हात बदलला, लगामाने त्याला सरळ केलं, तर त्याने प्रयत्न केला. आणि सरकतोय हे दिसत असूनही त्याच हाताने मारतच राहिला, तर स्टुअर्डांच्या खोलीत त्याला पहिला प्रश्न तोच विचारला जातो.