फाटा नक्की कुठे फुटतो?

पीएचडीच्या तयारीत असाल तर आज कॅल्क्युलेटर घेऊनच वाचायला बसा. ० आणि १ च्या मधली एक संख्या निवडा, समजा ०.४, आणि हा नियम पुन्हा पुन्हा लावा:

पुढची संख्या = र × आत्ताची संख्या × (१ − आत्ताची संख्या)

हा लॉजिस्टिक मॅप. एवढ्या साध्या नियमातून किती गुंतागुंत निघते, हे रॉबर्ट मे यांनी १९७६ साली 'नेचर'मध्ये दाखवलं. र = २.८ घेतलात तर उत्तर ०.६४३ वर स्थिरावतं. र = ३.२ ला ते ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यात आलटून पालटून फिरत राहतं. म्हणजे ३ पाशी वाटेला फाटा फुटला. यालाच द्विभाजन म्हणतात. पुढे ३.४४९ ला दोनाचे चार होतात, ३.५४४ ला आठ, ३.५६४ ला सोळा. ३.५७ च्या जवळ ही दुप्पट संपते आणि केऑस सुरू होतो.

आता या फाट्यांमधली अंतरं बघा: ०.४४९, ०.०९५, ०.०२०. प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा साधारण ४.७ पटींनी लहान. म्हणूनच आकृतीतली एखादी छोटी फांदी मोठी करून पाहिली, की तिच्यात पुन्हा जवळपास तेच झाड दिसतं. हीच स्वयंसदृशता.

मी पहिल्यांदा ही आकृती काढली तेव्हा फाटा ३ च्या आधीच फुटलेला दिसला! प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात तीन दिवस गेले. प्रोग्रॅम बरोबरच होता, घाई माझी होती. सुरुवातीच्या फक्त १०० पायऱ्या मी सोडून दिल्या होत्या. पण फाट्याजवळ उत्तर फार सावकाश स्थिरावतं. नेमकं र = ३ असेल तर १०० पायऱ्यांनंतरही ते ०.६६७ च्या कधी वर, कधी खाली, सुमारे ०.०२ इतकं दूर असतं. हा फरक दहापट कमी करायचा तर शंभरपट पायऱ्या लागतात. मला दिसलेल्या दोन फांद्या म्हणजे अजून न थांबलेलं उत्तर होतं.

मिचेल फायगेनबाउम १९७५ साली लॉस अलामॉसमध्ये एचपी-६५ या कॅल्क्युलेटरवर हेच फाटे मोजत होते. यंत्र हळू होतं, त्यामुळे वेळ वाचवायला ते पुढचा फाटा कुठे येईल याचा आधीच अंदाज बांधू लागले. त्या अंदाजातूनच ४.६६९ हे गुणोत्तर त्यांच्या लक्षात आलं. साइनवर आधारलेल्या वेगळ्याच नियमालाही तोच आकडा आला, आणि त्यामुळेच तो महत्त्वाचा ठरला.

आज लॅपटॉप हीच आकृती क्षणात काढून देतो. तरी तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी एक करा: सोडून द्यायच्या पायऱ्या दहापट वाढवा आणि आकृती पुन्हा काढा. जे हललं, ते तुमच्या घाईचं. जे जागचं हललं नाही, त्यावर पुढचं काम उभं करा.