भाड्याची खोली आणि किल्ली
१९५८ साली स्थापन झालेल्या आयआयटीच्या आसऱ्याने पवईत सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या. त्यांचा कोड खासगी रिपॉझिटरीत, म्हणजे कुलूपबंद दप्तरात असतो. चाचणीसाठी मात्र तो बऱ्याचदा क्लाउडमधल्या सँडबॉक्समध्ये चालतो. ही धर्मशाळेतली एका रात्रीची खोली. काम झाले की खोलीच मोडायची.

कल्पना जुनी. प्रोग्रॅमला फाइलींचा एकच कोपरा दाखवणारी 'सीएचरूट' सोय युनिक्समध्ये १९७९ सालीच आली. ती भिंत तकलादूच. ॲमेझॉनने २०१८मध्ये खुल्या केलेल्या फायरक्रॅकरमध्ये प्रत्येक कामाला स्वतःचे कर्नल असलेला चिमुकला आभासी संगणक मिळतो.

पण भिंत वाचवते ती यजमानाला. पाहुण्याच्या सामानाचे काय? खासगी कोड आणायचा तर त्याची किल्ली, म्हणजे टोकन, कुठेतरी द्यावीच लागते. २०२१मध्ये कोडकव्ह या सेवेची स्क्रिप्ट कुणीतरी गुपचूप बदलली. ग्राहकांच्या चाचणी-यंत्रणांत चालताना ती दोन महिने तिथल्या किल्ल्या बाहेर पाठवत होती. त्यासाठी भिंत फोडावी लागली नाही. बाहेरचा दरवाजा उघडाच होता.

म्हणून किल्ली एकाच रिपॉझिटरीपुरती, फक्त वाचण्याची आणि अल्पायुषी हवी (गिटहबच्या ॲपला मिळणारे टोकन तासाभरात बाद होते), आणि बाहेरची वाट ठरावीक पत्त्यांपुरतीच. हे विचारले की विक्रेते बहुधा भिंतीची जाडी सांगू लागतात.