डेबियनने दिलेला शब्द

दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. प्रत्येकाच्या एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात आकडे आणि अक्षरं छापलेला कागद. समोरच्याचा चेहरा पासपोर्टातल्या फोटोशी ताडून पाहायचा, कागदावरची सांकेतिक किल्ली त्याचीच आहे ना हे त्याच्या तोंडून ऐकायचं, नावापुढे खूण करायची आणि एक पाऊल सरकून पुढच्या माणसासमोर जायचं. डेबियनच्या वार्षिक संमेलनांत हा कार्यक्रम वर्षानुवर्षं होत आला आहे. घरी परतल्यावर प्रत्येक जण आपल्या किल्लीने इतरांच्या किल्ल्यांवर डिजिटल सही करतो. ही माणसांनी माणसांना दिलेली ओळख असते. नोंदलेल्या किल्लीची सही नसेल, तर डेबियनच्या भांडारात कुणालाही काही टाकता येत नाही.

डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लिनक्सचा गाभा आणि त्याभोवती हजारो प्रोग्राम जुळवून, तपासून, एकमेकांशी भांडणार नाहीत असे बसवून ती तयार होते. तिच्यामागे कंपनी नाही, मालक नाही, पगार नाही. जगभरचे साधारण हजार सभासद आणि त्याहून जास्त मदतनीस फावल्या वेळात ती घडवतात. घरोघरच्या संगणकांवर नाव दिसतं ते उबुंटूचं, पण उबुंटू उभी आहे डेबियनच्या पायावर. शाळकरी मुलं ज्यावर प्रोग्रामिंग शिकतात त्या रास्पबेरी पायची प्रणालीही डेबियनचीच लेक. २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे लॅपटॉप विंडोज सोडून डेबियनवर आले. आपण रोज उघडतो त्या कितीतरी संकेतस्थळांमागचे सर्व्हर तिच्यावर चालतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

सुरुवात झाली ती एका विद्यार्थ्याच्या वैतागातून. इयन मर्डॉक अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. त्या काळी लिनक्स मिळायचं ते कुणीतरी एकट्याने बांधलेल्या गाठोड्यातून. त्यातलं सर्वांत लोकप्रिय गाठोडं चुकांनी भरलेलं होतं आणि त्या दुरुस्त करायला कुणी बसलेलं नव्हतं. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयनने जाहीर केलं की आपण नवं वितरण बांधतो आहोत. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून त्याने ‘डेबियन’ हा शब्द केला. पुढे डेब्रा त्याची पत्नी झाली. मला या नावापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो त्याने लिहिलेला जाहीरनामा. वितरण बांधणं हे कंटाळवाणं, कौतुक न मिळणारं काम आहे, म्हणून ते उघड्यावर आणि अनेकांनी मिळून करायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांना कीर्ती मिळाली. तो गाभा लोकांच्या हातात नीट पोचवणं हेही एक कसब आहे, हे या पोराने विशीत ओळखलं.

१.० ही आवृत्ती मात्र कधी आलीच नाही. सीडी विकणाऱ्या एका कंपनीने १९९५च्या अखेरीस अर्धवट तयार प्रत ‘१.०’ असा शिक्का मारून बाजारात आणली. गोंधळ नको म्हणून डेबियनने तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६मध्ये थेट १.१ प्रसिद्ध केली, ४७४ पॅकेजेससह, म्हणजे बसवायला तयार अशा सॉफ्टवेअरच्या पुडक्यांसह. नाव ठेवलं ‘बझ’. तेव्हा प्रकल्पाचं नेतृत्व ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होतं आणि ते नोकरीला होते पिक्सारमध्ये, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’तल्या पात्राचं नाव द्यायची प्रथा पडली. सतत बदलणाऱ्या, कधीही कोसळू शकणाऱ्या शाखेचं नाव ‘सिड’, सिनेमात खेळणी मोडणाऱ्या मुलाचं. ते कायमचं तिथेच आहे.

पेरेन्स यांच्याच काळात, जुलै १९९७मध्ये, डेबियनने आपल्या वापरकर्त्यांशी एक सामाजिक करार केला. तो जेमतेम पानभराचा आहे. ही प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील. आम्ही जे सुधारू ते मुक्त सॉफ्टवेअरच्या समाजाला परत देऊ. आमच्या चुका लपवणार नाही. वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचं हित आधी. सोबत ‘मुक्त’ कशाला म्हणायचं याचे नियमही जोडले, आणि पुढच्याच वर्षी जगाने ‘ओपन सोर्स’ची जी व्याख्या स्वीकारली ती या नियमांतूनच आली. एखादा परवाना मुक्त आहे की नाही हे ठरवताना डेबियनची मंडळी एक कल्पना करतात: निर्जन बेटावर सौरऊर्जेच्या संगणकासह एक माणूस अडकला आहे. आपण केलेला बदल मूळ लेखकाला कळवणं परवान्याने सक्तीचं केलं असेल, तर या माणसाला तो पाळता येणार नाही, म्हणजे परवाना मुक्त नाही. स्वातंत्र्य सर्वांत एकाकी माणसाच्या जागी उभं राहून मोजायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते.

चुका लपवणार नाही, हा शब्द पाळणं सर्वांत अवघड होतं २००८च्या मे महिन्यात. दोन वर्षांपूर्वी सांकेतिक किल्ल्या घडवणाऱ्या ओपनएसएसएल या पॅकेजमध्ये ते सांभाळणाऱ्या डेबियनच्या एका मेंटेनरने बदल केला होता. स्मृतीतल्या चुका शोधणारं व्हॅल्ग्रिंड नावाचं अवजार तिथे तक्रार करत होतं, म्हणून संबंधित ओळी बंद केल्या गेल्या. पण किल्लीला अंदाजापलीकडची बनवणारी सरमिसळच त्या ओळींतून होत होती. उरला फक्त चालू प्रोग्रामचा क्रमांक. परिणामी एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८ वेगवेगळ्या होऊ शकत होत्या, आणि एवढ्या तर कुणीही बसून मोजून काढू शकतो. लुसियानो बेयो या डेबियनच्याच सभासदाने हे उघडकीस आणलं. डेबियनने सगळं जाहीर केलं, कमकुवत किल्ल्या ओळखणारी अवजारं दिली, आणि जगभरच्या प्रशासकांना सांगितलं की दोन वर्षांत घडवलेली प्रत्येक किल्ली फेकून द्या. बदल करणाऱ्याने आधी विचारलं होतं, पण उत्तर देणाऱ्यांना पुरतं कळलं नव्हतं, विचारणाऱ्यालाही नाही. सही खरी होती, हेतूही चांगला होता, तरी घात झाला.

सोळा वर्षांनी तेच व्हॅल्ग्रिंड तारणहार ठरलं. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे डेटाबेसचं काम करणारे अभियंते डेबियन सिडवर वेग मोजत बसले होते. दूरच्या संगणकात शिरायला लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाने वाढलेला त्यांना दिसला. काही आठवड्यांपूर्वी व्हॅल्ग्रिंडने केलेली एक विचित्र तक्रारही त्यांना आठवली. धागा पकडून ते पोचले ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीपर्यंत. तिच्यात चोरवाट लपवलेली होती. टोपणनावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदतीचे पॅच पाठवत, एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या लेखकाचा विश्वास मिळवला होता. आपण डेबियन किंवा रेड हॅटच्या पद्धतीच्या पॅकेजसाठी बांधले जात आहोत का हे तो कोड आधी तपासून पाहत असे. नवी आवृत्ती लवकर घ्या, असा लकडाही एका अनोळखी नावाने डेबियनकडे लावला होता. घातक आवृत्त्या सिड आणि चाचणीच्या शाखेत शिरल्या. लाखो सर्व्हरांवर असलेल्या स्थिर आवृत्तीत मात्र पोचल्या नाहीत, कारण तिथे एवढ्या घाईने काही जातच नाही.

या संथपणाबद्दल डेबियनने पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. नवं पॅकेज आधी सिडमध्ये येतं, काही दिवस मोठी तक्रार आली नाही तर चाचणी शाखेत सरकतं, मग काही महिने सगळंच गोठवून फक्त चुका निस्तरायच्या, आणि तयार होईल तेव्हाच स्थिर आवृत्ती प्रसिद्ध करायची. २००२ची ‘वुडी’ आणि २००५ची ‘सार्ज’ यांच्यात जवळजवळ तीन वर्षं गेली. त्याच पोकळीत, ऑक्टोबर २००४मध्ये, मार्क शटलवर्थ यांनी दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारी उबुंटू आणली. अनेकांना वाटलं, आता डेबियन संपली. हल्ली तिची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिला मदतनीसांच्या जोरावर पाच वर्षं सुरक्षेची डागडुजी मिळते.

भांडणंही झाली, आणि ती मनाला लागणारी होती. संगणक सुरू होताना सगळी कामं कोणी लावून द्यायची, या प्रश्नावर २०१४मध्ये तांत्रिक समितीत समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी निवडलं गेलं. वर्षअखेरीस सगळ्या सभासदांचं मतदान झालं, तेव्हा ‘या विषयावर ठरावाची गरजच नाही’ हा पर्याय जिंकला. नाराजांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. २०२२मध्ये आणखी एक गाठ सोडवावी लागली. वायफायच्या चिपांना लागणारं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं का? न घ्यावं तर नव्या लॅपटॉपवर नेट चालत नाही, घ्यावं तर दिलेल्या शब्दाचं काय? मतदान घेऊन करारातच तशी स्पष्ट नोंद केली आणि फर्मवेअर आत घेतलं. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. गुपचूप आत आणलं असतं तर नसता.

इयन मर्डॉक डिसेंबर २०१५मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. २०१७ची ‘स्ट्रेच’ ही आवृत्ती त्याच्या स्मृतीला अर्पण आहे.

आपल्याकडे डेबियन पोचली ती बरीचशी नाव न सांगता. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७मध्ये आणलेली ‘बॉस’ ही सरकारी वापरासाठीची प्रणाली डेबियनवरच बांधलेली आहे. फेब्रुवारी २००९च्या ‘लेनी’पासून डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे. देवनागरी नीट उमटण्यासाठी चित्ररूप इन्स्टॉलर निवडावा लागतो. मी पहिल्यांदा त्या भाषांच्या यादीत खाली सरकत मराठीवर थांबलो, तेव्हा कोरा संगणक आपल्या भाषेत पहिला प्रश्न विचारतो याचं अप्रूप बराच वेळ ओसरलं नव्हतं. ती वाक्यं कुणीतरी बसून, शब्दाशी झटत, फुकट लिहिली होती. २०२३चं संमेलन कोचीत भरलं, भारतातलं पहिलं.

९ ऑगस्ट २०२५ला ‘ट्रिक्सी’ आली. तिच्यात ६९,८३० पॅकेजेस आहेत. कुणालाही परवाना-शुल्क न देता वापरता येणारी रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरची रचना तिच्यात पहिल्यांदाच अधिकृत झाली. ३२ बिटच्या जुन्या पीसींवर ती नव्याने इन्स्टॉल करता येत नाही, आणि जुनं यंत्र जपणाऱ्यांना ते टोचणारच. पण खरं मोठं काम वरून दिसत नाही. ३२ बिटच्या प्रणाली १९७०पासूनचे सेकंद मोजतात आणि १९ जानेवारी २०३८ला तो आकडा मावेनासा होतो. त्यासाठी हजारो पॅकेजेस नव्याने बांधून घेतली. धरणाच्या दारात किंवा कारखान्याच्या कोपऱ्यात बसवलेला छोटा संगणक त्या दिवशी बरोबर वेळ दाखवेल, ते यामुळे. दुसरं काम पुनरुत्पादनक्षम बांधणीचं: तोच मूळ कोड कुणीही, कुठेही बांधला तरी शेवटच्या बिटापर्यंत तेच पॅकेज निघालं पाहिजे, म्हणजे वाटेत कुणी काही मिसळलं तर पकडता येईल. डेबियन २०१३पासून त्यामागे आहे आणि बहुतांश भांडार त्या टप्प्यावर आलं आहे.

पुढचा वाद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांचा आहे. कोट्यवधी आकड्यांच्या त्या फायलीचा मूळ कोड कशाला म्हणायचं? ज्या मजकुरावर ती शिकली तो मिळाल्याशिवाय तिला मुक्त म्हणावं का? २०२५मध्ये यावर ठराव मांडला गेला, चर्चा पेटली, आणि घाईने मत न टाकता तो मागे घेतला गेला.

मला काळजी वाटते ती हातांची. एक्सझेडच्या लेखकासारखी एकटी, दमलेली माणसं डेबियनमध्येही आहेत. एखाद्याला पॅकेज सांभाळणं जमेनासं झालं की तो तसं जाहीर करतो आणि ते पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदवलं जातं. ती यादी सगळ्यांना उघडी असते आणि लांबच लांब आहे. तिच्यातलं एखादं दत्तक घ्यायला पदवी लागत नाही, सुरुवातीला सभासदत्वही लागत नाही. तक्रारी वाचायच्या, पॅच तयार करायचा, आणि आपल्या वतीने सही करायला तयार असलेला एक सभासद शोधायचा. पुढच्या आवृत्तीचं नाव ठरलेलं आहे, ‘फॉर्की’. सिडमध्ये तिच्यासाठीची पॅकेजेस रोज येऊन पडत आहेत.