काचेखालचा चुनखडक

"काकी, घाबरू नकात. तोंडान श्वास घेवा आणि खाली बघा," होडीवरचा मुलगा म्हणाला आणि त्याने माझा हात पाण्यावर तरंगणाऱ्या रबरी ट्यूबवर ठेवला.

मी तोंड पाण्यात घातलं. पहिले दोन श्वास छातीतच अडकले. नाकावर मास्कचं रबर घट्ट बसलेलं होतं आणि जन्मभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला तोंडाने श्वास घेणं अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्याने शिकावं लागतं. तिसरा श्वास नीट लागला, तेव्हा कुठे डोळे उघडले. खाली घमेलं पालथं घातल्यासारखा एक पिवळसर तपकिरी दगड होता. त्याच्या अंगावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखी बारीक खळग्यांची जाळी होती. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे दहाबारा मासे त्याला वळसा घालून माझ्याकडे आले, थबकले आणि पुन्हा वळले. तो दगड जिवंत होता. प्रत्येक खळग्यात एक जीव बसला होता आणि तो आपल्या बुडाखाली चुना रचत होता.

जानेवारीतली सकाळ होती. मागे सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट उभा होता, पुढे मालवणचा किनारा. लेकीच्या हट्टापायी रायपूरहून इतक्या लांब आलेली मी त्या दगडाकडे बघत राहिले, कारण चुनखडक ही आमच्या घरची ओळखीची वस्तू आहे.

रायपूरला समुद्र नाही. पुरीचा समुद्र रात्रभराच्या गाडीवर, आणि मराठी माणसाचा समुद्र तर सबंध महाराष्ट्र ओलांडून पलीकडे. पण आमचं गाव समुद्राच्या तळावरच वसलेलं आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी छत्तीसगडच्या या मैदानावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या थरांना भूशास्त्रज्ञ 'रायपूर गट' म्हणतात. बलौदाबाजारचे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते त्याच थरांमुळे, आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याला नंदिनीच्या खदानीतून जाणारा चुनखडकही त्यांतलाच. आमच्या तुळशीवृंदावनाशेजारी वडिलांनी एका जुन्या खदानीतून आणलेला दगड आहे. कोबी आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक बसलेली वलयं त्यावर आहेत. लहानपणी आम्ही त्याला कोबीचा दगड म्हणायचो. त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रोमॅटोलाइट, हे मला फार पुढे कळलं. मासे नव्हते, शिंपले नव्हते, प्रवाळही नव्हते, त्या काळात सूक्ष्म नीलहरित जिवाणूंचे चिकट थर उथळ पाण्यात उन्हाकडे तोंड करून वाढत. गाळाचे कण त्यांना चिकटत, चुना साचे, त्यावर नवा थर चढे. ही वलयं म्हणजे त्या वाढीची नोंद.

स्ट्रोमॅटोलाइट आणि प्रवाळ यांचं नातं रक्ताचं नाही. एक जिवाणूंचं काम, दुसरं प्राण्याचं. पण दोघांची गरज एकच: उथळ, स्वच्छ पाणी आणि त्यातून तळापर्यंत पोहोचणारं ऊन. खडक बांधणाऱ्या प्रवाळाचा इवलासा प्राणी आपल्या अंगात सूक्ष्म शैवाल सांभाळतो. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्या बळावर प्राणी पाण्यातला चुना घेऊन घर बांधतो. ऊन पोहोचलं नाही तर हा संसार चालत नाही. म्हणूनच असे प्रवाळ आपल्याला दिसू शकतात. जिथवर उजेड जातो तिथवर आपली नजर जाते आणि तिथवरच त्यांची वस्ती असते. अर्ध्या दिवसाच्या सहलीत, पोहता न येणाऱ्या माणसालाही समुद्राचा तळ दिसतो, त्यामागे हे साधं कारण आहे.

मध्ये अडचण एकच, पाण्याचा पृष्ठभाग. लाट हलते, ऊन चमकतं, आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि खालचं चित्र मोडून जातं. त्यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो कुणाला पहिल्यांदा सुचला असेल त्याचं कौतुक वाटतं. होडीच्या तळाला काच बसवायची. काच पाण्याला टेकली की लाटेला जागाच उरत नाही. होडीच्या सावलीमुळे वरची चमकही जाते आणि नजर सरळ खाली उतरते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्यांवर १८७० च्या दशकाच्या अखेरीस वल्ह्याच्या होडीला अशी काच बसवली गेली आणि पुढे ती जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पसरली.

आपल्याकडे ही होडी बहुतेकांना भेटते ती अंदमानात. माझी आणि तिची पहिली भेटही तिथलीच. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये घोषित झालं. वंडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉय बेटावर जाताना प्लॅस्टिकच्या पिशव्या-बाटल्या नेता येत नाहीत. खाडीतून, खारफुटीच्या कडेने मोठी बोट बेटापाशी पोहोचते आणि तिथे लहान, काचतळाची होडी लागते. मधोमध लांबट काच, दोन्ही बाजूंना बाकं, आणि सगळी माणसं विहिरीत डोकावावं तशी वाकलेली. माझ्या सासूबाई तेव्हा सत्तरीच्या होत्या, गुडघे धरलेले. पाण्यात पाय न भिजवता त्यांनी मेंदूसारख्या वळ्यांचा प्रवाळ पाहिला, हरणाच्या शिंगांसारखा पाहिला. ज्यांना पाण्यात उतरता येत नाही त्यांना या होडीने समुद्र दाखवला, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

मास्क म्हणजे तीच होडी, चेहऱ्यापुरती लहान केलेली. उघड्या डोळ्याला पाण्यात सगळं धूसर दिसतं. कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा प्रकाश वळवतो तो हवेतून येणारा. पाणी थेट डोळ्याला भिडलं की त्याची ती ताकद जवळजवळ संपते. काचेमागे हवेची पोकळी ठेवली की डोळा पुन्हा कामाला लागतो. मात्र पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना किरण वळतात, त्यामुळे वस्तू पाऊणपट अंतरावर आणि जवळजवळ एकतृतीयांशाने मोठी भासते. माझा घमेल्याएवढा प्रवाळ प्रत्यक्षात घमेल्याहून लहानच असणार. पाणी तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं. म्हणून जसजसं खोल बघावं तसतसं सारं निळं-हिरवं होत जातं.

स्नॉर्केलची नळी साधारण वीतभर-दीडवीतच का, हाही प्रश्न लेकीने होडीवर विचारला होता. लांब नळी घेतली तर आणखी खोल जाता येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. मीटरभर खोलीवरसुद्धा पाणी छातीवर इतकं दाबतं की वरची हवा आत ओढताना बरगड्यांचे स्नायू थकून जातात. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा साचते आणि आपण तीच पुन्हा घेतो. म्हणून नळी आखूडच हवी आणि माणसाने पाण्यावर पालथं पडून राहायचं. खाली उतरायचं नाही, वरून बघायचं. मला ही मर्यादा आवडली. पाहुण्याने उंबऱ्यावर बसून घर बघावं, तसं.

मालवणात प्रवाळ आहेत त्यामागेही खडक आहे. प्रवाळाच्या पिल्लाला बसायला टणक जागा लागते, वाळूवर त्याचा संसार मांडता येत नाही. सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली खडकांचं जाळं आहे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडलं त्यात या खडकांचाही वाटा होता. अनोळखी जहाजाला त्यांतून वाट काढणं अवघड आणि वाट ठाऊक ती इथल्या तांडेलांना. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याची पायाभरणी झाली आणि तीनेक वर्षांत समुद्रात तट उभा राहिला. ज्या खडकांनी किल्ल्याची राखण केली तेच आज प्रवाळांना आधार देतात. इथे अंदमानसारखी फुललेली बाग नाही. पोराइट्स, फॅवाइट्स, टर्बिनारिया अशा जातींचे, बहुतेक घुमटासारखे किंवा खडकाला लेपासारखे चिकटलेले प्रवाळ, तुकड्यातुकड्यांनी. गाळ आणि पावसाळ्यातला गढूळपणा सोसून राहिलेली ही काटक वस्ती आहे.

१९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा पट्टा मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोवतीचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग त्याचा गाभा. मच्छीमारांनी त्या वेळी विरोध केला आणि त्यांची भीती खरी होती. ज्या पाण्यावर पोट चालतं त्याला कुंपण पडलं तर जायचं कुठे? पुढे त्या प्रश्नाचं एक उत्तर याच पाण्यातून निघालं. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी स्थानिक तरुणांना पाण्याखाली नेण्याच्या आणि पर्यटकांना प्रवाळ दाखवण्याच्या कामात पुढाकार घेतला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंगचं शिक्षण देणारी संस्था तारकर्लीला उभी राहिली. माझ्या हाताखाली ट्यूब सरकवणारा मुलगाही मच्छीमाराच्याच घरातला होता. त्याचे वडील रापणीचं जाळं ओढत. तो सांगत होता, "बाबांका पाण्याच्या रंगावरसून मासो कळता. माका प्रवाळ कळता."

अर्ध्या दिवसाच्या या सहलीचं वेळापत्रक समुद्राच्या हाती असतं. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात नितळ. त्यातही उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ मोठी, वाळू ढवळलेली. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस बरे, पाणी शांत. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर सुटतो, म्हणून होडी सकाळीच काढायची. धक्क्यावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून घ्यायचे, काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्क नीट धुऊन घ्यायचा, आणि तिथल्या मुलांनी सांगितलेलं मुकाट ऐकायचं. पाण्यात माझा वेळ जेमतेम अर्धा तास. बाकी सगळी तयारी, वाट आणि होडीवर कुडकुडत पिण्याचा चहा.

त्या अर्ध्या तासात मला वाईट वाटावं असंही दिसलं. शेजारच्या एका होडीतून बिस्किटांचे तुकडे पाण्यात पडत होते आणि मासे त्यांवर तुटून पडत होते. एक धडधाकट माणूस फोटोसाठी प्रवाळावर उभा राहिला. त्याला खडकच वाटला असणार, कारण मलाही पहिल्यांदा दगडच वाटला होता. पोराइट्सचा घुमट वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. एका टाचेखाली कित्येक वर्षांचं काम चिरडतं. बिस्किटाला सोकावलेले मासे खडकावरचं शैवाल खायचं सोडतात आणि ते शैवाल प्रवाळावर चढतं. नांगर टाकताना खाली वाळू आहे की प्रवाळ हे पाहिलं नाही तर लोखंड त्याच घुमटावर पडतं. भारतातले असे सगळे खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुटलेला तुकडाही खिशात घालून आणणं गुन्हा आहे.

मोठं संकट मात्र कुणाच्या टाचेतून येत नाही. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी नेहमीच्या कमाल तापमानाहून एखाद अंशाने तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, खालचा पांढरा चुना दिसू लागतो. १९९८ मध्ये जगभर असं घडलं, त्यानंतर पुन्हा पुन्हा घडत आहे. मालवणच्या प्रवाळांवरही हे विरंजन अभ्यासकांनी नोंदवलं आहे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं तर प्रवाळ उपाशी मरतो आणि उरतो तो नुसता दगड.

हा विचार करताना मला बलौदाबाजारच्या सिमेंटच्या भट्ट्या आठवल्या. कोट्यवधी वर्षं चुन्यात बांधून ठेवलेला कर्बवायू चुनखडक भाजताना सुटतो आणि हवेत जातो. हवा तापते, समुद्र तापतो. जुन्या समुद्राचा दगड भाजून आपण घरं बांधतो आणि त्याची झळ आजच्या समुद्रातल्या दगड रचणाऱ्या जीवाला लागते. रायपूर आणि मालवण यांच्यात एवढं जवळचं नातं असेल असं मला होडीत चढेपर्यंत वाटलं नव्हतं. सिमेंट लागणारच, माझंही घर सिमेंटचंच आहे. पण आता पाडापाडी करून नवं बांधण्याआधी जुनं दुरुस्त होईल का, हा प्रश्न मी विचारते, आणि त्यामागे तो खळग्यांचा दगड असतो.

म्हणूनच मला वाटतं की काचतळाची होडी आणि मास्क यांना केवळ करमणुकीची साधनं समजू नये. किनाऱ्यावरच्या शाळांनी मुलांना एकदा तरी ही काच दाखवावी, आणि आमच्यासारख्या आतल्या मुलखातल्या लोकांनी सहलीच्या यादीत ती किल्ल्याच्या बरोबरीने लिहावी. तळ दिसला नाही तोवर समुद्र म्हणजे निळा पत्रा आहे. एकदा दिसला की टाच आपोआप उचलली जाते.

रायपूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना थोडं त्या कोबीच्या दगडावर सांडलं. कोरडा असताना तो राखाडी, भुरकट दिसतो. ओला झाला आणि वलयं एकदम वर आली, गुलाबी, करडी, पुन्हा गुलाबी. पाण्याने खरखरीत पृष्ठभाग भरून काढला आणि नजर आत शिरली. होडीच्या काचेने जे केलं तेच या तांब्याभर पाण्याने केलं होतं. मी खाली बसले आणि दगड वाळेपर्यंत बघत राहिले.