स्टेपनी बदलताना पाठ सांभाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. वडिलांना तपासणीसाठी अकोल्याला न्यायचे होते. वय ऐंशीच्या घरात, मधुमेह जुना. उन्हाआधी निघायचे ठरले होते, पण दवाखान्यातले रुग्ण आटोपता आटोपता अकरा वाजले. वडिलांनी सकाळची गोळी घेतली होती. जेवण अकोल्याला बहिणीकडे होते.

चोहोट्टा बाजार मागे पडला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहतो तर पुढचे चाक पंक्चर. गाडी नवी, मुलाच्या आग्रहाने घेतलेली. डिक्कीचा तळ उचलला आणि चमकलोच. आतली स्टेपनी इतकी बारीक, की स्कूटरच्या चाकाची थोरली बहीण वाटावी! कोणी चुकीचे चाक तर ठेवले नाही ना, अशी शंका आली. त्यावर ८० चा आकडा लिहिलेला होता, पण तो वाचायला वेळ कोणाला होता?

गाडी कडेच्या मातीत घेतली आणि जॅक लावला. वडील आतच बसले होते. गाडी जेमतेम उचलली गेली आणि जॅक तिरपा होऊन खाली गेला. हात नुकताच बाहेर काढला होता म्हणून बोटे वाचली. मागून ट्रॅक्टरवाला आला. म्हणाला, "डाक्टरसायेब, कायी माती हाये हे. इच्यात जॅक गाडल्या जाते. खाली फयी टाका." त्यानेच फळी दिली आणि वडिलांना निंबाच्या सावलीत बसवले. मी कमरेत वाकून चाक उचलले, तोच पाठीत कळ निघाली. तेवढ्यात वडिलांकडे लक्ष गेले. अंगाला दरदरून घाम, बोलणे अडखळत होते. गोळी पोटात होती आणि जेवणाची वेळ टळली होती, त्यामुळे रक्तातली साखर उतरली होती. ट्रॅक्टरवाल्याच्या शिदोरीतला गूळ पाण्यात कालवून दिला, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी ते सावरले. रोज दुसऱ्यांना पथ्य सांगणारा मी, पुढे दहा दिवस अंथरुणावर होतो.

वाचकहो, चूक चाकाची नव्हती, माझ्या घाईची होती. म्हणून आज या बारीक चाकाबद्दल.

'स्टेपनी' हा शब्द आपण घरचाच समजतो, पण तो आला वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली ही जादा चाके बनवायला सुरुवात केली. गंमत अशी की ती मूळ स्टेपनीही तात्पुरतीच होती. पंक्चर चाकाला बाहेरून आवळायची आणि मुक्काम गाठायचा. पुढे इतर चार चाकांसारखेच पाचवे चाक मिळू लागले. आता डिक्कीत जागा राहावी आणि वजन कमी व्हावे म्हणून पुन्हा बारीक चाक आले. टायर ट्यूबलेस असेल, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य सोबत असेल, तर प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम आपल्याकडे २०२० साली झाला. म्हणून आपल्या गाडीत नेमके काय आहे, ते आजच डिक्की उघडून पाहा.

आम्हा डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर हे चाक म्हणजे मलमपट्टी, उपचार नव्हे. रुंदी कमी, म्हणून रस्त्यावरची पकडही कमी. ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, वळणावर गाडी हलते. म्हणून ताशी ८० किलोमीटरची मर्यादा. तीही वरची मर्यादा आहे. आपल्या रस्त्यांवर त्याहून हळू बरे. हे चाक लावून पोपटखेडमार्गे मेळघाटाचा घाट चढू नये. थेट पंक्चरच्या दुकानी जावे.

त्यात हवाही वेगळी लागते. नेहमीच्या चाकात ३०-३५ पौंड, तर यात बहुधा ६० पौंड. दुकानदार बिचकला तर चाकावरचा आकडा दाखवा. पडून पडून हवा कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा तपासावी.

आता चाक बदलण्याची रीत.

१. गाडी वाहतुकीपासून दूर, सपाट आणि टणक जागी घ्या. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चारही दिवे चमकते ठेवा, मागे त्रिकोण ठेवा. समोरच्या चाकाला दगड लावा. सर्वांना उतरवून रस्त्यापासून लांब, सावलीत बसवा.

२. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. नट आवळलेला असतो तो मीटरभर दांड्याला १०-११ किलोचा जोर लावल्याइतका. आपला पाना असतो फूटभर. म्हणजे जोर ३५ किलोच्या आसपास लागतो. पाना आडवा ठेवून शरीराचे वजन खाली टाका. वर ओढू नका, पाठ तिथेच जाते. हर्निया असलेल्यांनी तर मुळीच नको.

३. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावा. काळ्या मातीत खाली जाड फळी हवीच. गाडी उचललेली असताना अंगाचा कोणताही भाग तिच्याखाली नको.

४. नेहमीचे चाक १५ ते २० किलोचे असते. गुडघ्यांत वाकून, चाक अंगाजवळ धरून उचला. उचलता उचलता कमरेत वळू नका. शक्य तिथे गडगडवत न्या.

५. नट समोरासमोरचे आवळा. गाडी खाली टेकवून पुन्हा घट्ट करा आणि थोडे अंतर गेल्यावर एकदा तपासा.

६. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. पुढचे चाक गेले तर मागचे चांगले चाक पुढे घेऊन बारीक चाक मागे लावा, असे अनेक पुस्तिका सांगतात. आपली पुस्तिका पाहून ठरवा.

हृदयविकार, गरोदरपण, मणक्याचे दुखणे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. काम करताना छातीत दुखले, दम लागला, तर काम सोडून १०८ ला फोन करा. पाठदुखीसोबत पायात मुंग्या, अशक्तपणा किंवा लघवी अडणे असे काही झाले, तर मालिश करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

माझ्या गाडीत आता जाड फळी, हातमोजे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि गुळाची डबी कायम असते. एका रविवारी अंगणात मुलाला आणि सुनेला हे चाक बदलायला लावले. वडील खुर्चीवर बसून पाहत होते. म्हणाले, "हे त्या दिवसाच्या आधी केलं असतं तर?"

त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. येत्या रविवारी तुम्हीही डिक्की उघडून पाहा.