‘जॉज’ : न दिसणाऱ्या माशाचें भय



इ. स. १९७५ च्या जून महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेंत एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचें नांव ‘जॉज’, म्हणजे जबडे. कथा अगदीं साधी आहे. अ‍ॅमिटी नांवाच्या एका लहानशा बेटावर ऐन उन्हाळ्याच्या हंगामांत किनाऱ्यालगतच्या पाण्यांत एक प्रचंड शार्क मासा येतो, माणसें मारतो, आणि अखेर तीन पुरुष एका जुनाट बोटींतून त्याच्या पारिपत्यासाठीं निघतात. एवढ्याशा कथेवर उभारलेला हा दोन तासांचा खेळ. परंतु ५० वर्षें उलटून गेलीं तरी रसिकांची त्याविषयींची चर्चा थांबलेली नाहीं. २०२५ सालीं तो पुन्हा चित्रगृहांत लागला, आणि ज्यांचे आईबापही १९७५ सालीं शाळेंत जात नव्हते, अशा तरुणांनीं तो पाहिला. एका माशाच्या गोष्टींत असें काय आहे कीं, तिचा परिणाम चित्रपटाच्या कलेवर व्हावा, धंद्यावर व्हावा, आणि शेवटीं खुद्द समुद्रांतल्या माशांवरही व्हावा? या प्रश्नाचा विचार आज आपण करूं.

प्रथम या चित्रपटाच्या जन्माची हकीकत सांगितली पाहिजे. कारण त्याच्या यशाचें मर्म तींतच दडलेलें आहे. पीटर बेंचली या लेखकाची याच नांवाची कादंबरी १९७४ च्या आरंभीं प्रसिद्ध झाली. रिचर्ड झॅनक व डेव्हिड ब्राउन या निर्मात्यांनीं तिचे हक्क घेतले व दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्ग या तरुणाकडे सोपविलें. चित्रण मॅसेच्युसेट्स संस्थानांतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर व्हावयाचें होतें. स्टुडिओंतील हौदांत लुटुपुटूचा समुद्र न करतां खऱ्या समुद्रावर जावयाचें, असा दिग्दर्शकाचा हट्ट होता. आणि समुद्रानें त्याची पुरेपूर किंमत वसूल केली. ५५ दिवसांत उरकावयाचें काम १५९ दिवस चाललें. अंदाजलेला खर्च ४० लाख डॉलरांचा. तो ९० लाखांपर्यंत चढला. मुख्य अडचण होती ती नायकाची किंवा खलनायकाची म्हणा. शार्कच्या भूमिकेसाठीं तीन यांत्रिक मासे तयार केले होते. मंडळींनीं थट्टेनें त्यांना ‘ब्रूस’ हें नांव दिलें. तें स्पीलबर्गच्या वकिलाचें नांव! परंतु खारें पाणी लागतांच या ब्रूस महाराजांनीं असहकार पुकारला. यंत्रें बिघडूं लागलीं, आणि एक मासा तर सरळ तळाशीं जाऊन बसला.

आतां मासाच चालेना, तर माशाचा चित्रपट कसा काढावयाचा? येथें दिग्दर्शकाची खरी कसोटी लागली. मासा दाखवितां येत नाहीं ना, मग तो न दाखवितांच त्याचें अस्तित्व भासवावें, असा मार्ग त्यानें काढला. आरंभींचा प्रसंग पाहा. एक तरुणी रात्रीं एकटीच समुद्रांत पोहावयास जाते. पाण्याखालून कांहीं तरी तिला ओढतें, इकडून तिकडे फरफटत नेतें, आणि क्षणार्धांत समुद्र पुन्हा शांत होतो. मासा आपणांस दिसतच नाहीं. वस्तुत: त्या नटीच्या अंगाला दोर बांधून माणसें तिला ओढीत होतीं, एवढेंच. पुढें माशाला अडकविलेलीं पिवळीं पिंपें पाण्यावरून धांवतात. पिंपें दिसलीं कीं खालीं मासा आहे हें आपण ओळखतों. मासा नीटसा डोळ्यांपुढें येतो तो चित्रपट सुरू होऊन तासाहून अधिक वेळ गेल्यावर. तोंपर्यंत प्रेक्षकानें मनांतल्या मनांत जो मासा रचलेला असतो, त्याची बरोबरी कोणत्या कारखान्यांतला मासा करणार?

आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हा भयानक रसाचा उत्तम परिपाक होय. या रसाचा स्थायी भाव भय. आणि त्याचा परिपोष नुसत्या अक्राळविक्राळ वस्तूच्या दर्शनानें होत नाहीं, चाहुलीनें होतो. रंगभूमीवर वध प्रत्यक्ष दाखवूं नये, असा आपल्या जुन्या नाट्याचार्यांचा संकेत होता; त्यामागेंही मनुष्यस्वभावाची कांहीं पारख असलीच पाहिजे. टेबलावर उघडी पडलेली छडी मुलें लौकरच विसरतात, पण मास्तरांच्या कपाटांत असलेल्या छडीचा धाक वर्षभर टिकतो, हें मीं माझ्या शिक्षकी पेशांत पुष्कळदां पाहिलें आहे.

या चाहुलीचें सर्वांत प्रभावी साधन म्हणजे जॉन विल्यम्स यांचें संगीत. त्याचा पाया अवघ्या दोन स्वरांचा. खर्जांतले ते दोन स्वर आधीं सावकाश, थांबूनथांबून येतात. मग त्यांतील अंतर कमी होत जातें, लय वाढते, आणि ऐकणाराच्या काळजाचे ठोके तिच्याबरोबर वाढतात. परंतु याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट रसिक नेहमीं दाखवून देतात. दोन खोडकर मुलें पुठ्ठ्याचें पर घेऊन पाण्यांत लोकांना घाबरवितात, तेव्हां हें संगीत मुळींच वाजत नाहीं. म्हणजे संगीत खोटें बोलत नाहीं, असा विश्वास प्रेक्षकाच्या मनांत निर्माण होतो. आणि एकदां तो विश्वास बसला कीं दिग्दर्शक तो मोडतो : पोलीस अधिकारी ब्रॉडी बोटीच्या मागच्या बाजूस उभा राहून माशासाठीं आमिष टाकीत असतां, कसलीही सूचना न होतां, तो प्रचंड जबडा अकस्मात् पाण्याबाहेर येतो. प्रेक्षक खुर्चींत उसळतो तो याचमुळें.

दृश्यांतही असेंच कौशल्य आहे. किनाऱ्यावर बसलेल्या ब्रॉडीला पाण्यांत अघटित घडल्याचें दिसतें, त्या क्षणीं त्याचा चेहरा आहे तेथेंच राहतो, आणि मागचा सारा देखावा मात्र लांब पळाल्यासारखा वाटतो. कॅमेरा चाकांवरून पुढें सरकवावयाचा आणि त्याच वेळीं भिंगाचा आवांका वाढवावयाचा, अशी ही युक्ति आहे. ती स्पीलबर्गची नव्हे. हिचकॉकनें आपल्या १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटांत तिचा उपयोग केला होता. पण उसनी युक्ति योग्य ठिकाणीं वापरणें हीही प्रतिभाच आहे.

एवढें सांगितल्यावरही एक प्रश्न उरतो. नुसती भीति पन्नास वर्षें टिकत नाहीं. मग टिकलें तें काय? माझ्या मतें या कथेंतील माणसें टिकलीं. अ‍ॅमिटी बेटाचा नगराध्यक्ष व्हॉन हा कांहीं दुष्ट मनुष्य नाहीं. गांवाचें सारें वर्ष उन्हाळ्यांत येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशावर चालतें. किनारा बंद केला तर दुकानदार बुडतील, हें त्याला दिसतें. म्हणून पोरीचा मृत्यु बोटीच्या पंख्यानें झाला असेल, असें ठरविण्यांत येतें, आणि ४ जुलैच्या राष्ट्रीय सणास किनारा उघडा ठेवला जातो. इब्सेनच्या १८८२ सालच्या एका नाटकांत गांवच्या आरोग्यस्नानगृहांचें पाणी दूषित आहे असें सांगणाऱ्या डॉक्टरास सारें गांव लोकशत्रु ठरवितें. त्या डॉक्टराचा आणि आपल्या ब्रॉडीचा पेंच एकच आहे. २०२० सालीं महामारीचा फैलाव झाला आणि व्यवहार चालू ठेवावे कीं बंद करावे हा वाद देशोदेशीं माजला, तेव्हां अनेकांना या नगराध्यक्षाची आठवण झाली. मासा पाण्यांत होता, पण पोहणाऱ्यांना पाण्यांत जाऊं दिलें तें माणसांनीं.

दुसरें पात्र म्हणजे क्विंट हा कोळी. रात्रीं बोटीच्या लहानशा खोलींत तो आपल्या तरुणपणची हकीकत सांगतो. ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका अणुबाँबचे भाग तिनियन बेटावर पोंचवून पुढील प्रवासांत होती. जपानी पाणबुडीनें ती बुडविली व खलाशी कित्येक दिवस शार्कांच्या तावडींत पाण्यांत तरंगत राहिले. ही घटना खरी आहे. ती नौका ३० जुलै १९४५ रोजीं बुडाली. तिच्यावरील ११९५ माणसांपैकीं ३१६ वांचलीं. चित्रपटांत क्विंटच्या तोंडीं जूनची २९ तारीख आहे, ती चुकीची. चोखंदळ रसिक ती चूक आवर्जून दाखवितात. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या अभाग्यांपैकीं पुष्कळजण जखमांनीं, तहानेनें व उन्हानें मेले. सर्वांना माशांनीं मारलें असें नव्हे. तथापि क्विंटची भूमिका करणारे रॉबर्ट शॉ यांनीं तें भाषण अशा धिम्या स्वरांत म्हटलें आहे कीं, त्या तीन-चार मिनिटांत पडद्यावर कांहींही न घडतां सर्व कांहीं घडतें.

धंद्यावर झालेला परिणाम थोडक्यांत सांगतों. पूर्वी बहुतेक चित्रपट आधीं मोठ्या शहरांत लागत व हळूहळू लहान गांवीं जात. ‘जॉज’ एकदम चारशेंहून अधिक पडद्यांवर झळकला, आणि त्याआधीं दूरचित्रवाणीवरील जाहिरातींसाठीं सुमारें ७ लाख डॉलर खर्चण्यांत आले. अशी पद्धत पूर्वी कोणी वापरलीच नव्हती असें नाहीं. पण या यशानें ती रूढ झाली, आणि उन्हाळा हा मोठ्या चित्रपटांचा हंगाम ठरला. १९७७ सालीं ‘स्टार वॉर्स’ येईपर्यंत उत्पन्नाचा उच्चांक याच चित्रपटाच्या नांवावर होता. संकलन, संगीत व ध्वनि यांसाठीं त्याला तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. मग १९७८, १९८३ व १९८७ सालीं त्याचे उत्तरभाग निघाले, आणि समुद्रांतील व नदींतील नानाविध हिंस्र प्राण्यांचा पडद्यावर सुळसुळाट झाला. यांतील बहुतेकांनीं मासा उचलला, पण संयम उचलला नाहीं. यंत्रें व आतां संगणक हवा तेवढा मोठा मासा हव्या तेवढ्या वेळ दाखवूं शकतात. म्हणूनच तो पाहून कोणाची झोंप उडत नाहीं.

आतां शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. या चित्रपटानें माणसाच्या मनांत जो शार्क उभा केला, त्याची शिक्षा खऱ्या शार्कला भोगावी लागली. विशिष्ट माणसांवर डूख धरणारा, एकाच किनाऱ्यावर ठाण मांडून सूड घेणारा शार्क निसर्गांत नाहीं. जगांत एका वर्षांत शार्कच्या चाव्यानें मरणारीं माणसें साधारणत: हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं असतात, उलट माणसाच्या हातून मरणाऱ्या शार्कांची वार्षिक संख्या शास्त्रज्ञांनीं सुमारें १० कोटि अंदाजली आहे. खोल समुद्रांतील शार्क व त्यांच्या जातभाईंची संख्या १९७० पासून २०१८ पर्यंत ७१ टक्क्यांनीं घटली, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेलें एक संशोधन सांगतें. या संहाराचा सगळा दोष एका चित्रपटावर लादणें अन्यायाचें होईल. मोठमोठीं जाळीं व परांचा व्यापार हीं त्याचीं मुख्य कारणें होत. परंतु चित्रपटानंतर अमेरिकेच्या किनाऱ्यावर शार्क मारणें हा मर्दुमकीचा खेळ झाला, आणि मरणाऱ्या माशाबद्दल कोणाला हळहळ वाटेनाशी झाली, हें नाकारतां येत नाहीं. पांढऱ्या शार्कची मादी पिलांस जन्म देण्याजोगी होते ती वयाच्या तिशीच्या आसपास. अशा प्राण्याची झालेली हानि लौकर भरून निघत नाहीं.

ही जाणीव लेखकाला स्वत:लाच झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. बेंचली यांनीं आपलें उत्तरायुष्य समुद्राच्या व शार्कांच्या रक्षणाचा पुरस्कार करण्यांत घालविलें. २००६ सालीं ते वारले. स्पीलबर्ग यांनींही २०२२ सालीं ब्रिटिश नभोवाणीवरील एका मुलाखतींत या हानीबद्दल मनापासून खेद व्यक्त केला. दक्षिण आफ्रिकेनें १९९१ सालीं पांढऱ्या शार्कला कायद्याचें संरक्षण दिलें. मागून इतर देशांनींही दिलें. शिवाय याच चित्रपटांतील हूपर हा शास्त्रज्ञ पाहून कित्येक मुलें सागरी जीवशास्त्राकडे वळलीं, हेंही विसरतां कामा नये. आपल्या बाजारांत मुशी किंवा मोरी म्हणून जे मासे येतात, ते याच कुळांतले. आणि गुजरातच्या किनाऱ्याला येणारा, ज्याला भारतीय कायद्यानें २००१ सालीं अभय दिलें तो व्हेल शार्क, याच कुळांतला सर्वांत अवाढव्य असूनही समुद्रांतील बारीक जीवजंतु गाळून खातो व माणसाच्या वाटेस जात नाहीं.

आपल्याकडे म्हण आहे, भित्यापाठीं ब्रह्मराक्षस. हा राक्षस कलेनें उभा करावा व रसिकानें दोन तास त्याला भ्यावें, यांत वावगें कांहींच नाहीं. तो तर भयानक रसाचा आनंद. मात्र चित्रगृहांतून बाहेर पडतांना तो राक्षस तेथेंच सोडून यावयाचा असतो. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं शाळकरी मुलें आहेत, त्यांनीं हा चित्रपट मुलांना दाखविण्यापूर्वी त्यांचें वय अवश्य पाहावें. आणि दाखविल्यावर त्याच संध्याकाळीं खऱ्या शार्कची माहितीही त्यांना सांगावी. लॉस एंजेलिस येथील चित्रपट-संग्रहालयांत ब्रूसच्याच सांच्यांतून काढलेला २५ फुटी मासा आज छताला टांगलेला आहे. त्याच्याखालीं उभें राहून मुलें खुशाल हंसतात, कारण तो सर्वांगानें दिसतो.